गाव जुनं ठेवून शिवार विकता येत नाही

जुन्या, इतिहास असलेल्या गावाला लागून अवाढव्य गोदाम येणार म्हटलं की गावकरी विरोधाला उभे राहतात. आणि विरोध केला रे केला की त्यांच्यावर शिक्का बसतो: विकासाच्या आड येणारे लोक. अशा वादांमधली दोन्हीकडची बरीच मतं वाचली, आणि आता राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितेय. मी या गावकऱ्यांच्या बाजूची आहे, अगदी पूर्णपणे.

कंपनीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "एकाही जुन्या वास्तूला धक्का लागणार नाही." ते खरंही असतं. गोदाम बाहेर शेतात असतं आणि वेशीच्या आतली एक वीटसुद्धा हलणार नसते. ऐकणाऱ्याला वाटतं, मग यांचं दुखणं तरी काय आहे?

दुखणं असं की जुनं गाव म्हणजे नुसती जुनी घरं नव्हेत. घरं एकमेकांना खेटून का बांधली? कारण भोवतीची जमीन पिकाची होती, ती वाया घालवायची नव्हती. रस्ता मध्येच वळसा का घेतो? कारण तो ओढ्याच्या किंवा बांधाच्या कडेकडेने गेलाय. देवळाचं शिखर, चर्चचा मनोरा, मशिदीचा मिनार उंच का? कारण तो दुरून चालत येणाऱ्याला दिसायला हवा होता. गावाचा आकार त्याच्या शिवाराने घडवलेला असतो. ते शिवार काढून तिथे अर्धा किलोमीटर लांबीची सपाट पत्र्याची भिंत उभी केली तर घरं जागच्या जागी राहतात, पण ती तिथे का आहेत हे सांगणारं काही उरत नाही.

हे काही मी भावनेच्या भरात बोलत नाही. वारसा जपणाऱ्या तज्ज्ञांची जागतिक संघटना 'इकोमॉस' हिने २००५ साली चीनमधल्या शिआनला जाहीरनामाच काढला आणि वास्तूचा भोवताल हा तिच्या महत्त्वाचाच भाग आहे असं मांडलं. इंग्लंडमध्ये तर १९९० च्या कायद्यातच तरतूद आहे की संरक्षित इमारतीलगत परवानगी देताना तिच्या भोवतालाचा खास विचार करावा लागेल. तिथल्या लिव्हडेन या जागी सोळाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेली आणि मालक १६०५ मध्ये वारल्यावर अर्धवट राहिलेली एक बिनछपराची वास्तू आहे. तिच्यापासून किलोमीटरहून अधिक लांब चार पवनचक्क्या उभारायला सरकारी नियोजन निरीक्षकाने परवानगी दिली होती. ती न्यायालयात रद्द झाली आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम केलं. न्यायालयाचं म्हणणं असं की नुकसान "फार मोठं नाही" एवढं म्हणून भोवतालाचा प्रश्न फायद्या-तोट्याच्या तराजूत हलका करता येणार नाही, त्याला मोठं वजन द्यावंच लागेल.

आपल्याकडे कायदा अंतर मोजतो. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी, आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. नियम चांगला आहे, तो नसता तर बऱ्याच ठिकाणी स्मारकाच्या भिंतीला टेकून इमारती उभ्या राहिल्या असत्या. पण तीनशे मीटरच्या रेषेपलीकडे पंधरा मीटर उंच, चारशे मीटर लांब इमारत आली तर? कागदावर ती बाहेर आहे. गावातल्या प्रत्येक गच्चीवरून मात्र आधी तीच दिसणार. शिवाय हे संरक्षण स्मारकाला मिळतं, गावाला नाही. ज्या गावात एकही यादीतलं स्मारक नाही पण अख्खी वस्तीच जुनी आहे, त्याने कुठे जायचं?

आता गोदाम म्हणजे नेमकं काय, ते बघू. अनेकांच्या डोळ्यांसमोर अजून धान्याची पोती रचलेली कौलारू वखार येते. आजच्या मोठ्या गोदामात आतली मोकळी उंचीच बारा मीटरच्या आसपास असते आणि पूर्ण स्वयंचलित असेल तर तीस-चाळीस मीटरपर्यंतही जाते. एक लाख चौरस मीटर छप्पर म्हणजे पंचवीस एकरांच्या आसपास. त्यावर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० लाख लिटर पाणी होतं. शेतात पडलं असतं तर त्यातलं बरंचसं जमिनीत मुरलं असतं, आता ते सगळं पन्हाळीतून एकाच बाजूला येणार. त्यासाठी तळं खोदतात, ते पुरेसं आहे की नाही हे जोरदार पावसाच्या वर्षीच कळतं, आणि तोपर्यंत गोदाम बांधणाऱ्याने इमारत दुसऱ्याला विकलेली असू शकते. गावाच्या खालच्या अंगाला कोण राहतं हे त्या नव्या मालकाला माहीतही नसतं.

पण सगळ्यात आधी जाणवतो तो रस्ता. युरोपात जोडट्रेलरची कमाल लांबी साधारण साडेसोळा मीटर असते. असा ट्रेलर जुन्या गावाच्या काटकोनी वळणावर आला की काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. ड्रायव्हर पुढचं तोंड समोरच्या बाजूला अगदी भिंतीपर्यंत नेतो आणि मग स्टिअरिंग पूर्ण फिरवतो. पुढची चाकं सुटतात, पण मागची चाकं त्या मार्गाने येतच नाहीत, ती आतून वळण कापतात. आतल्या कोपऱ्यावर जे काही असेल, जोतं, पायरी, दगडी खांब, पाण्याची टाकी, त्याला ती घासतात. एकदा घासलं तर ओरखडा पडतो. रोज घासलं तर दगड सैल होतो, मग एके दिवशी तो निखळतो आणि कोणीतरी तिथे सिमेंट थापतं. शेवटी "वाहतुकीला अडथळा" म्हणून तो कोपराच पाडायचा प्रस्ताव येतो. जुन्या वास्तूला धक्का लागणार नाही म्हणाले होते ना, तो असा लागतो, परवानगी मिळाल्यानंतर काही वर्षांनी, आणि तेव्हा त्याचा गोदामाशी संबंध आहे हे सिद्ध करायला कोणी बसत नाही.

रात्रीचंही सांगते. मालाची वेळ ग्राहकाच्या वेळेवर ठरते, म्हणून बरीच गोदामं चोवीस तास चालतात. ट्रक मागे घेताना वाजणारा भोंगा, माल चढवायच्या धक्क्यावर लोखंडी पाटी आपटल्याचा आवाज, थंड मालाच्या गाड्यांची सतत घुरघुरणारी यंत्रं, आवारातले उंच दिवे. मोजमाप करणारे या आवाजाची तासातासाची सरासरी काढतात आणि ती मर्यादेत बसते. झोप मात्र सरासरीने मोडत नाही, ती रात्री अडीचला आपटलेल्या एका पाटीने मोडते.

गोदामाच्या परवानगीच्या अर्जासोबत जोडलेली चित्रं जरूर बघा. गोदाम बांधून झाल्यावर कसं दिसेल, याची ही संगणकीय चित्रं असतात. बघताना तीन गोष्टी तपासा. फोटो कुठून घेतलाय? बऱ्याचदा एखाद्या कुंपणाच्या किंवा झाडीच्या आडून, जिथून काहीच दिसलं नसतं. कोणत्या ऋतूत घेतलाय? पानगळीत घेतला असेल तर प्रामाणिक, भर पालवीत असेल तर विचारा. आणि इमारतीपुढची झाडं किती वर्षांची दाखवलीत? चित्राखाली बारीक अक्षरात "पंधरा वर्षांनंतर" असं लिहिलेलं सापडू शकतं. रोपं लावायची आज, आणि सावली दाखवायची पंधरा वर्षांनंतरची. मधली पंधरा वर्षं गावाने काय बघायचं? आणि पंधरा मीटरची भिंत झाकणारी झाडं लावली तरी गावातून जे लांबवरचं दिसायचं ते गेलंच की. भिंतीच्या जागी झाडांची भिंत आली, एवढंच.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती भाडेकरूच न ठरलेल्या गोदामाची. बरेच प्रकल्प आधी बांधतात, मग कोण घेतं ते बघतात. म्हणजे आत काय असेल, किती शिफ्ट चालतील, रोज किती गाड्या येतील हे अर्ज करणाऱ्यालाच माहीत नसतं. तरी वाहतुकीचा अहवाल मात्र असतो, "या प्रकारच्या इमारतींची" सरासरी धरून. फर्निचर साठवणारं गोदाम आणि घरपोच पार्सल वाटणारं केंद्र, दोघांचं छप्पर सारखंच दिसतं. पहिल्याला दिवसाला मोजके ट्रक, दुसऱ्याला पहाटेपासून व्हॅनची रांग. परवानगी मात्र दोघांना एकाच कागदावर मिळून जाते. म्हणून हरकत घेताना "वाहतूक वाढेल" एवढंच लिहू नका. गाड्यांची कमाल संख्या आणि रात्रीची वेळ परवानगीच्या अटीत लिहून मागा. "वाढेल" ला उत्तर देता येतं, अट नाकारली तर तिचं कारण विचारता येतं.

मग ही गोदामं अशाच ठिकाणी का येतात? गावाशी वैर म्हणून नाही. महामार्गाचा जोड, स्वस्त मोकळी जमीन आणि कराची हद्द, या तीन गोष्टी जिथे जुळतात तिथे ती येतात. भिवंडीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, नाशिक महामार्गालगत, म्हणून तिथे गोदामांचा पट्टा वाढला. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, राज्याराज्यात लहान गोदामं ठेवायची गरज संपली, आणि मग एकाच ठिकाणी प्रचंड मोठी गोदामं बांधणं परवडू लागलं. म्हणजे एका कराच्या बदलाने इमारतीचा आकार बदलतो. त्यात कोणाच्या गावाचा इतिहास कधी हिशेबात धरलेलाच नसतो, तो गावानेच धरायला लावावा लागतो.

रोजगाराचा मुद्दा मी झटकत नाही. तरुणांना काम हवं आहे, आणि गोदामात काम असतं. पण एवढ्या जमिनीवर किती, आणि किती वर्षं? अॅमेझॉनने गोदामातले रोबो बनवणारी किव्हा ही कंपनी २०१२ मध्येच विकत घेतली. धंद्याची दिशा तेव्हाच ठरली. अर्जात लिहिलेला नोकऱ्यांचा आकडा बंधनकारक असतो का, एवढं सुनावणीत विचारून बघा.

"तुम्हीही घरबसल्या मागवताच ना, मग माल ठेवायचा कुठे?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. माल कुठेतरी ठेवावाच लागेल. पण "कुठेतरी" म्हणजे "इथेच" असं होत नाही. नेदरलँड्समध्ये सरकारच्याच सल्लागार मंडळाने २०१९ मध्ये या खोक्यांसारख्या गोदामांच्या पसाऱ्यावर अहवाल दिला आणि सांगितलं की गोदामं विखरू देऊ नका, मोजक्या ठिकाणी एकत्र आणा, आधीच्या औद्योगिक जागा वापरा. बंद पडलेले कारखाने, रेल्वेलगतच्या पडीक जागा, जुन्या बसक्या गोदामांच्या जागी नवी उंच गोदामं, हे सगळं शक्य आहे. महाग पडतं, हे खरं. पण आज ते स्वस्त का दिसत नाही? कारण शेतात बांधलं की उरलेला खर्च गाव भरतं.

जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला खलनायक ठरवू नका, हे मला कळकळीने सांगायचंय. पीक परवडत नाही, मुलं परतणार नाहीत, आणि कोणीतरी शेतीच्या कितीतरी पट भाव घेऊन दारात उभं आहे. ती जमीन गावासाठी मोकळी राहावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या माणसाला काय देऊ केलं? काही देशांत जमीन मालकाकडेच ठेवून फक्त तिच्यावर बांधायचा हक्क विकत घेतात, सरकार किंवा न्यास पैसे मोजतो आणि शेत शेतच राहतं. विरोध करणाऱ्या प्रत्येक गावाने हा हिशेब मांडायला हवा. त्याशिवाय विरोध शेजाऱ्याच्या जिवावर होतो.

आणि उशीर करू नका. सुनावणीच्या दिवशी सभागृह भरतं, पण त्या जमिनीचा वापर अनेकदा त्याआधीच विकास आराखड्यात बदललेला असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ब्लूमिंग्टन नावाच्या वस्तीत २०२२ मध्ये २१३ एकरांच्या गोदाम प्रकल्पाला मंजुरी मिळाली. शंभराहून अधिक घरं त्यात गेली, शाळासुद्धा हलवली. २०२४ मध्ये न्यायालयाने पर्यावरण अहवालच सदोष ठरवला, पण तोवर कितीतरी घरं पाडून झाली होती. उलट अमेरिकेतल्याच व्हर्जिनियात, तिथल्या यादवी युद्धातल्या मनासासच्या रणभूमीशेजारी डेटा सेंटरांचा दोन हजार एकरांचा प्रकल्प २०२३ मध्ये मंजूर झाला, तर ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली, कारण जाहीर सूचना कायद्याप्रमाणे दिलीच नव्हती. वर्तमानपत्रातल्या कोपऱ्यातली सूचना कोणीतरी तारखांसकट तपासली, म्हणून हे घडलं.

त्याच व्हर्जिनियात वॉलमार्टला त्याच युद्धातल्या विल्डरनेस नावाच्या रणभूमीलगत मोठं दुकान काढायचं होतं. अडीचशेहून अधिक इतिहासकारांनी पत्र लिहिलं. तरी २००९ मध्ये स्थानिक मंजुरी मिळाली. लोक कोर्टात गेले, आणि २०११ मध्ये कंपनीने ती जागा सोडली. दुकान काही मैल पुढे झालं. काम मिळालं, कर मिळाला, रणभूमीचा भोवतालही राहिला. पण २०२३ मध्ये त्याच भागात याहून कितीतरी मोठा प्रकल्प मंजूर झाला, त्यात गोदामंसुद्धा आहेत, आणि माणसं पुन्हा कोर्टात गेली.

म्हणून ज्यांच्या गावावर ही वेळ आलीय त्यांना माझी विनंती आहे: नुसतं "प्रकल्प नको" यावर थांबू नका. पर्यायी जागेचा नकाशा स्वतः घेऊन जा. गावातल्या कोणत्या ठिकाणांहून काय दिसतं याचे फोटो पानगळीत काढून ठेवा. वळणाची रुंदी टेप लावून मोजा. आणि हा अर्ज फेटाळला गेला तर दुसऱ्याच दिवशी आराखड्यात ते शिवार कायमचं शेतीसाठी राखून घ्यायच्या मागे लागा, कारण पुढचा अर्ज त्याच जमिनीवर येणार आहे.