नोटीस वहिनीच वाचते

लेखात ‘व्हर्जिन’ कंपनीच्या रिचर्ड ब्रॅन्सनचं उदाहरण देऊन डिस्लेक्सियाला, म्हणजे वाचता-लिहिताना येणाऱ्या अडचणीला, ‘धंद्यातली ताकद’ म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. माझ्या मोठ्या भावालाही डिस्लेक्सिया आहे; नागपूरच्या इतवारीत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. कोड नंबर त्याच्या डोक्यात बसत नाहीत, म्हणून कडी-कोयंड्यांना त्यानं गावांची नावं दिलीत. ‘दोन डझन उमरेड काढ रे!’ आयकिया या फर्निचर कंपनीचा संस्थापक काम्प्राड, तोही डिस्लेक्सियावाला, त्यानंही आकड्यांऐवजी नावंच वापरली, असं सांगितलं तर म्हणतो, ‘मंग, आपण काय कमी आहो का?’

पण जीएसटीची नोटीस आली की वहिनीच वाचते. अशी वाचून देणारी माणसं लेखात कुठेच नाहीत. आणि ‘ब’चा ‘व’ केला म्हणून शाळेत खाल्लेल्या छड्या? दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया २०१६ साली आला, तेव्हा दादाची चाळिशी उलटली होती.