वजनदार मालक

परवा माझं विमान मला न घेताच गेलं.

‘माझं’ हा शब्द मी विचार करून वापरतोय. कर्जाचे हप्ते माझे, हँगरचं भाडं माझं, विमा माझा. दोन्ही वैमानिकांचे पगार माझे, मग ते उडोत नाहीतर टर्मिनलमध्ये शब्दकोडी सोडवोत. वर्षाकाठी त्यांना सिम्युलेटरवर उजळणीला पाठवायचं तेही मीच. एवढं सगळं माझं असताना दार आतून लागलं आणि मी बाहेर होतो.

झालं असं की एक मोठी पार्टी आमचा कारखाना बघायला येणार होती. पार्टी आणि त्यांची पीए असे दोघं, तिसरा मी. सकाळी नऊची वेळ ठरलेली. खासगी विमान विकणारा माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो, ‘साहेब, तुम्ही विमानासाठी थांबायचं नाही, विमान तुमच्यासाठी थांबतं.’ खरं आहे ते. विमान थांबतं. ऊन थांबत नाही. पार्टी उगवली बारा चाळीसला, आणि सोबत एक वयस्कर गृहस्थ.

“हे आमचे मामा. रिटायर्ड ऑडिटर आहेत. त्यांना आतून विमान बघायचं होतं, म्हटलं चला.”

मी हसून “वा वा” म्हणालो. कॅप्टन हसला नाही. तो खिशातून कॅल्क्युलेटर काढत होता.

इथं थोडं शास्त्र सांगावं लागेल, कारण मलाही ते विमान घेतल्यावरच कळलं. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनांचा जोर उतरतो आणि उडायला धावपट्टी जास्त लागते. आमची धावपट्टी आखूड. म्हणजे सकाळी नऊला जेवढं वजन घेऊन उडता येतं, तेवढं भर दुपारी येत नाही. इंधन कमी भरावं, तर तेही हातात नाही. मुक्कामापर्यंतचं हवं, तिथं उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं हवं, आणि त्यावर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं हवं. सगळी वजाबाकी करून कॅप्टननं जाहीर केलं, “माणसं आणि सामान मिळून ३०० किलो.”

“म्हणजे किती माणसं?” मी विचारलं.

“ते माणसांवर आहे.”

मोठ्या एअरलाइनला सरासरी वजन चालतं. दीडशे प्रवाशांत जाडे आणि बारीक एकमेकांना सांभाळून घेतात. चार माणसांत कोण कुणाला सांभाळणार? प्रत्येकाचं खरं वजन हवं. पार्टी फोनवर होती, तिनं बोटांनीच ८२ दाखवले. कॅप्टननं त्या पोटाकडे बघितलं आणि पोऱ्याला सामानाचा काटा आणायला सांगितलं.

आणि तिथून पुढं कारभार मामांच्या हातात गेला.

मामा काट्यावर पहिले चढले. ६९. उतरले, चपला काढल्या, खिशातला चष्मा, किल्ल्या, डायरी असं सगळं शेजारच्या खुर्चीवर मांडलं, पुन्हा चढले. ६८. “बघा, एक किलोचा फरक,” ते कॅप्टनला म्हणाले. कॅप्टन म्हणाला, “पण चपला विमानात येणार ना?” मामा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “चपला आणि चीजवस्तू सामानात धरा. हिशेबात हेड वेगळं आहे.” त्या घटकेपासून कॅप्टनला मामांविषयी आदर वाटू लागला. तो मला माझ्याविषयी त्याच्या डोळ्यांत आजवर दिसलेला नाही.

पार्टी ९६ भरली. मामांनी भाच्याच्या ८२वर काट मारून शेजारी बारीक अक्षरात ‘सुधारित’ असं लिहिलं. पीए ६१. सामान, नमुन्यांची पेटी आणि मामांच्या चपलांसह, ५२. मग मी चढलो.

“श्वास सोडा,” मामा म्हणाले.

“काय?”

“पोट आत ओढून वजन कमी होत नाही. सोडा श्वास.”

८४. हा आकडा मी घरीही कुणाला सांगितलेला नाही. मामांनी तो मोठ्यानं वाचला. पीएनं शिष्टाचार म्हणून दुसरीकडे बघितलं.

“एकूण ३६१,” मामा म्हणाले. “६१ जास्त.”

शांतता पसरली. ज्याला बेरीज येते अशा प्रत्येकाला दिसत होतं की मामा आले नसते तर बेरीज २९३ झाली असती आणि आम्ही आत्तापर्यंत ढगांत असतो. मला दिसत होतं. कॅप्टनला दिसत होतं. ज्याचे मामा त्याला दिसत होतं की नाही कोण जाणे, तो अजून फोनवर होता.

मामांनाही दिसलं. नुसतं दिसलं नाही, त्यांनी ते मांडून दाखवलं. “सामान सगळं इथं ठेवलं तरी ९ किलो जास्तच राहतात. म्हणजे माणूसच कमी करायला हवा. मी उतरलो तर ७ किलो शिल्लक. तुम्ही उतरलात तर २३ शिल्लक.” त्यांनी चष्म्यावरून कॅप्टनकडे बघितलं. “सुरक्षिततेच्या दृष्टीनं २३ बरे, नाही का?”

कॅप्टन म्हणाला, “जास्त मार्जिन केव्हाही चांगलं.”

हा माझा कॅप्टन. याच्या मुलाच्या शाळेची फी मी दिलेल्या पगारातून जाते.

मी वाटेत इंधनासाठी उतरण्याची सूचना केली. त्यात तासभर मोडतो, पार्टीला तेवढा वेळ नव्हता. सकाळचे पावणेचार तास त्यांनी कुठं मोडले, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. मी म्हटलं, वजनाची ही मर्यादा जरा अतीच कडक नाही का? कॅप्टननं सांगितलं की ऐन उड्डाणात एक इंजिन बंद पडलं, तरी दुसऱ्यावर वर चढता यायला हवं, म्हणून हिशेब तसा असतो.

“बंद पडतं?” मामा.

“पडत नाही.”

“मग?”

“पडलं तर.”

“तरतूद,” मामा समाधानानं म्हणाले. “बरोबर आहे. तरतूद हवीच.” आणि त्यांनी विमानाकडे असं बघितलं, की ते विमान माझं आहे ही त्यातली एक क्षुल्लक नोंद असावी.

ते आत गेले तेव्हा मी पायऱ्यांपाशी उभा होतो. मामा वाकले आणि सहज आत शिरले. मला ते अजून जमत नाही. १९६३ साली लियरजेट हे छोटं खासगी जेट पहिल्यांदा उडालं, त्याच्या केबिनची उंची १.३२ मीटर होती. माझ्या विमानाची १.४५. साठ वर्षांत तेरा सेंटिमीटर! मी स्वतःच्या विमानात आजवर एकदाही ताठ उभा राहिलेलो नाही. बसायचं म्हणाल तर केबिनमध्ये खुर्च्या चार. पाचवी जागा म्हणजे मागचं टॉयलेट, त्याच्या झाकणाला पट्टा असतो आणि उड्डाणाच्या वेळी तिथं माणूस बसवायला परवानगी असते. पाहुणे चार असले की तो माणूस मी. दोनदा बसलोय. पडदा लावायचा की उघडा ठेवायचा हे अजून ठरत नाही. लावला तर गैरसमज होतो, उघडा ठेवला तर पाहुण्यांच्या नजरा चुकवाव्या लागतात.

आणि याची तक्रार करायची सोय नाही. जेटवाल्याच्या दुःखाला गिऱ्हाईक नाही जगात. नोव्हेंबर २००८मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले ते कंपनीच्या जेटनं. हात पसरायला आलेली माणसं जेटमधून उतरतात म्हणून लोकप्रतिनिधींनी त्यांची अशी काही सालटी काढली, की पुढच्या महिन्यात तिघंही मोटारीनं आले. मोटारी बनवणाऱ्यांना मोटारीत बसवायला संसद लागली, म्हणून मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता वाटतं, निदान त्यांच्या विमानात त्यांना जागा तरी होती.

टर्मिनलमध्ये मी, पोऱ्या आणि काटा. फोनवर कुणाचंही विमान कुठं आहे ते बघता येतं, म्हणून मी माझं बघत बसलो. पिवळा ठिपका छान सरकत होता. थोड्या वेळानं बायकोचा फोन.

“पोचलास ना? विमान उतरलेलं दिसलं.”

“विमान पोचलं.”

“आणि तू?”

मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ती म्हणाली, “किती भरलं?” आकडा काही मी सांगितला नाही.

मग आठवलं, माझी बॅग त्या ५२ किलोंत होती. म्हणजे माझा लॅपटॉप, माझा चार्जर, माझा सदरा, सगळे जाऊन पोचले होते. लोक वजन पडावं म्हणून विमान घेतात. माझं पडलं, ते त्या काट्यावर.

कारखाना आमच्या मॅनेजरनं दाखवला. पार्टी पुढं तिकडेच मुक्कामाला राहणार होती, तेव्हा विमान संध्याकाळी परतलं ते रिकामं. चारही खुर्च्या मोकळ्या, हवा गार, उडायला हवं तेवढं मार्जिन आणि जायला कुठं नाही. हिशेब बघितला. जाताना मी नव्हतो, येताना कुणीच नव्हतं. इंजिनांच्या देखभालीचे ताशी पैसे, लँडिंगचे आकार, हँडलिंग, सगळं दोन फेऱ्यांचं. रिकाम्या विमानाला लँडिंगमध्ये सवलत असते का, असं मी कॅप्टनला विचारलं. तो म्हणाला, आकार विमानाच्या कमाल वजनावर असतो, आत कोण बसलंय ते बघत नाहीत.

रात्री मामांचा निरोप आला. नंबर त्यांना कॅप्टननं दिला होता.

‘विमान उत्तम आहे. प्रवास फारच सुखाचा झाला. पुढच्या वेळी तुम्हीही या.’