‘पत्ता सांगा आणि फोन ठेवा’ म्हणे!

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो तीनदा आला, आणि तिसऱ्यांदा पाठवणाऱ्या मावसभावाला मी पोटापाण्यासाठी काय करते ते नीट माहीत आहे. मजकूर थोडक्यात असा: इमर्जन्सी नंबरवर फोन उचलतो तो साधा टेलिफोन ऑपरेटर. तुमचा पत्ता त्याला स्क्रीनवर दिसत असतो, तरी तो दोन-दोनदा विचारतो. त्याच्या यादीतले प्रश्न संपल्याशिवाय गाडी सुटत नाही. तेव्हा पत्ता सांगा, ‘लवकर या’ म्हणा, फोन ठेवा आणि पेशंटकडे बघा. खाली तळटीप: नंबर चुकून लागला तर ताबडतोब कट करा.

मी इमर्जन्सी कंट्रोल रूममध्ये आठ वर्षं कॉल घेतले, आता अ‍ॅम्ब्युलन्सच्या गाड्या सोडण्याच्या टेबलावर बसते. मेसेजमधलं एकेक वाक्य घेते, पण क्रम माझा. कारण यातली काही वाक्यं नुसती चुकीची आहेत आणि एक जीवघेणं आहे.

‘प्रश्न संपल्याशिवाय गाडी सुटत नाही.’

बहुतेक मोठ्या कंट्रोल रूममध्ये कॉल घेणारा वेगळा आणि गाडी सोडणारा वेगळा असतो. ठिकाण आणि काय झालंय एवढं टाइप झालं की ती नोंद डिस्पॅचरच्या, म्हणजे गाडी सोडणाऱ्याच्या, स्क्रीनवर येते, कॉल चालू असतानाच. ‘बेशुद्ध, श्वास नाही’ एवढं कळलं की पुढच्या प्रश्नांसाठी कोणी थांबत नाही. तुम्ही ‘मॅडम, प्रश्न नंतर विचारा, आधी गाडी पाठवा’ म्हणून ओरडत असता, तेव्हा दोन खुर्च्या पलीकडे माझ्या वायरलेसवर क्रू निघाल्याचं सांगत असतो. ते तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्हाला फक्त प्रश्न ऐकू येतात, म्हणून उशीर प्रश्नांमुळे होतोय असं वाटतं. लहान ठिकाणी दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात. तिथे तो तुम्हाला ‘एक सेकंद, लाइनवर राहा’ म्हणतो आणि गाडीला कॉल देतो.

गाडी निघाल्यावर प्रश्न कशाला, तर वाटेतल्या क्रूसाठी. एक गाडी पुरेल की दोन? जिना अरुंद आहे का? भांडणात चाकू लागला असेल तर चाकूवाला अजून तिथेच आहे का? शेवटचा प्रश्न लोकांना फार खटकतो. पण क्रूलाच लागलं, तर पेशंट एकाचे तीन होतात.

‘फोन ठेवा आणि पेशंटकडे बघा.’

जीवघेणं वाक्य ते हे. एक कॉल सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही.

रात्रीची वेळ, बाईंचा आवाज. नवरा हाक मारून उठत नाही.
‘शुद्धीवर आहेत का?’
‘नाही.’
‘श्वास नेहमीसारखा चालू आहे का?’
‘हो हो, घोरतायत.’

आमच्या कामात ‘घोरतायत’ हा शब्द ऐकला की पाठ ताठ होते. मी म्हटलं, ‘ताई, फोन त्यांच्या तोंडाजवळ धरा.’ एक खरखरीत ओढ ऐकू आली. मग काही नाही. मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते. दुसरी ओढ यायला नऊ सेकंद लागले. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीची काही मिनिटं शरीर असे आचके देतं. त्याला श्वास म्हणत नाहीत, पण घरच्यांना तो श्वासच वाटतो. म्हणून प्रश्नात ‘नेहमीसारखा’ हा शब्द आहे, आणि तो गाळून प्रश्न विचारणाऱ्या नव्या मुलांना मी शिफ्ट संपल्यावर थांबवून घेते.

‘फोन स्पीकरवर टाका. त्यांना गादीवरून जमिनीवर घ्या.’ ‘मला उचलणार नाहीत.’ ‘उचलू नका, खालची चादर धरून ओढा.’ धप्प असा आवाज आला. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर आत जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दर दाबानंतर पूर्ण वर येऊ द्यायची. हे आकडे त्या क्षणी कोणाला सांगून उपयोग नसतो. सांगायचं एवढंच: ‘जोरात दाबा, माझ्याबरोबर मोठ्याने मोजा. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार.’ त्या मोजता मोजता रडत होत्या, आणि रडता रडता वेग कमी झाला की मी आवाज चढवत होते. दार वाजेपर्यंत आम्ही दोघी मोजत होतो. पुढे काय झालं ते मला कळलं नाही; सहसा कळत नाही.

मेसेजमधल्यासारखा त्यांनी फोन ठेवला असता, तर त्या ‘घोरणाऱ्या’ नवऱ्याच्या उशाशी बसून गाडीची वाट बघत राहिल्या असत्या. पेशंटकडे बघणं म्हणजे काय करायचं, हे फोनवरच कळणार होतं.

आणि ती ‘यादी’? 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत जेफ क्लॉसन या डॉक्टरांनी कॉल घेणाऱ्यांसाठी कार्डांचा संच तयार केला: काय विचारायचं, उत्तरावरून किती तातडी धरायची, गाडी पोचेपर्यंत काय करायला सांगायचं. पुढच्या दशकात सिअ‍ॅटलच्या परिसरात फोनवरून छाती दाबायला शिकवण्याची पद्धत बसवली गेली. कागदावरचे प्रश्न रोबोटसारखे वाटतात, मान्य. पण पहाटे चार वाजता, शिफ्टच्या नवव्या तासाला, माझ्या हुशारीपेक्षा माझा त्या कार्डावर जास्त विश्वास असतो.

‘पत्ता स्क्रीनवर दिसत असतो.’

कधी दिसतो, कधी परिसर दिसतो. नुसत्या टॉवरवरून आलेलं लोकेशन काही किलोमीटरनेही चुकू शकतं. 2014 मध्ये ब्रिटनमध्ये एएमएल नावाची सोय सुरू झाली: इमर्जन्सी नंबर लावला की फोन स्वतःच आपलं नेमकं ठिकाण काढून कंट्रोल रूमला पाठवतो. 2016 मध्ये अँड्रॉइडने आणि 2018 मध्ये आयफोनने अशी सोय दिली, पण ती घ्यायला समोरची कंट्रोल रूमही तयार असावी लागते. आणि मिळालं तरी तो नकाशावरचा ठिपका. ठिपक्यावरून मजला कळत नाही, कुठल्या गेटने आत जायचं ते कळत नाही. शिवाय फोन करणारा तिथे असेलच असं कुठे आहे? एका गावात एकटी आई पडते, ती मुलाला फोन करते, तो तीनशे किलोमीटरवरून आम्हाला लावतो. स्क्रीनवर दिसतो तो मुलाचा ठिकाणा.

दोनदा विचारण्याचं कारण आणखी साधं आहे. मी पत्ता वाचून ‘बरोबर ना?’ असं विचारत नाही, कारण घाबरलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. त्याच्याच तोंडून पुन्हा ऐकलं की चूक सापडते. एकाच नावाचे दोन रस्ते कुठल्याही शहरात निघतात.

‘साधा टेलिफोन ऑपरेटर.’

1935 मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर आग लागली, पाच बायका गेल्या. शेजारच्या गृहस्थांनी अग्निशमन दलाला फोन लावला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजने तो बाकीच्या कॉलसारखाच रांगेत ठेवला. त्यांनी चिडून लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, चौकशी झाली, आणि 30 जून 1937 ला 999 हा इमर्जन्सी नंबर सुरू झाला. म्हणजे साध्या ऑपरेटरने भागत नाही हे कळलं, तिथूनच या कामाची सुरुवात आहे. अर्थात सरकारी कागदांना ते अजून पटलेलं नाही. अमेरिकेच्या 2018च्या व्यवसाय-वर्गीकरणात पोलीस आणि अग्निशमनवाले संरक्षण सेवांत आहेत, आम्ही कार्यालयीन कामांत. त्यामुळे मावसभावावर मी फार रागावत नाही.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही का? आहे, पण लिहिणाऱ्याला ते सापडलेलं नाही. जिथे कॉल आधी पोलिसांकडे जातो आणि मग अ‍ॅम्ब्युलन्सकडे वळवला जातो, तिथे तीच माहिती दोनदा द्यावी लागते. तो त्रास खरा आहे. कॉल घेणारी माणसं कमी असली की रिंग वाजत राहते, तेही खरं. आणि सगळ्यात खरं म्हणजे कधी कधी गाडीच नसते. माझ्यासमोर तीन कॉल आणि दोन मोकळ्या गाड्या असतात. जवळची गाडी रेल्वे फाटकाच्या पलीकडे, लांबची मोकळ्या रस्त्यावर. एक सोडली की तो भाग रिकामा. तिघांत कोण थांबू शकतं हे मला कुठून कळतं? तुम्हाला नकोशा वाटणाऱ्या त्याच प्रश्नांच्या उत्तरांतून. गाड्या कमी का आहेत, असा मेसेज कोणी लिहिला तर मी स्वतः पुढे पाठवीन.

राहिली तळटीप: ‘चुकून लागला तर ताबडतोब कट करा.’ करू नका. कॉल कट झाला की पलीकडे लहान मूल फोनशी खेळतंय की कोणी कोणाच्या हातातून फोन हिसकावलाय, हे आम्हाला कळत नाही. परत फोन लावावा लागतो. कोणी उचलला नाही तर पुन्हा लावायचा, आणि पुष्कळ ठिकाणी मग बघायला गाडी पाठवतात. लाइनवर थांबून ‘चुकून लागला, इथे सगळं ठीक आहे’ एवढं म्हणायला दहा सेकंद लागतात. आम्ही रागावत नाही. एक-दोन प्रश्न विचारू, तेवढे सहन करा.