मग उघडलं का मंदिर?

लेकीच्या शाळेत 'माझा हीरो' म्हणून फॅन्सी ड्रेस होता. मेन रोडला ड्रेस भाड्याने देणाऱ्याकडे ही गर्दी, आणि स्टेजवर नऊ महाराज, सात जिजाऊ, दोन कोहली आणि एक स्पायडरमॅन 😄 मिशी चिकटवायची, तलवार द्यायची, चार ओळी घोकून घ्यायच्या की झाला हीरो. गेल्या वर्षी मीपण हेच केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाहीये.

पण यावेळी आधीच्या रविवारी तिला काळारामला घेऊन गेले. दर्शन झाल्यावर बाहेर दरवाज्यापाशी बसून सांगितलं की बाई, २ मार्च १९३० ला इथे बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, पुढे आपल्या दादासाहेब गायकवाडांनी तो नाशकात रेटून धरला, माणसं दरवाज्यांसमोर येऊन बसायची, बायकासुद्धा, आम्हाला आत जाऊ द्या एवढंच मागणं, त्यासाठी दगड खाल्ले, तुरुंगात गेले. ही चौथीतली बया लगेच, "मग उघडलं का मंदिर?"

नाही उघडलं. पाच वर्षं चाललं तरी नाही.

"म्हणजे हरले?"

खरं सांगते, माझी बोलती बंद. कारण आपण पोरांना जिंकलेल्यांच्याच गोष्टी सांगतो ना, गड घेतला, मेडल आणलं, टाळ्या. आपल्या जिल्ह्यातलाच दत्तू भोकनळ घ्या, चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा, पाण्याची मारामार असलेलं गाव, बापाबरोबर विहिरी खोदायचा, आर्मीत जाऊन वल्हं हातात धरलं आणि २०१६ ला थेट रिओ ऑलिम्पिक! तिथे १३ वा आला. किती पोरांना माहितीये हे नाव? वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र चौकाचौकात, आणि त्यातले निम्मे 'भावी'. असो.

मग तिला येवल्याचं सांगितलं, १९३५ ला बाबासाहेब तिथे म्हणाले की हा धर्मच सोडणार, आणि १९५६ ला नागपूरला लाखो लोकांसोबत सोडलापण. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणे, "म्हणजे ते बोलले, ठेवा तुमचं दार तुमच्याकडेच." मी काही अ‍ॅड केलं नाही. एवढं धड मला जमलंपण नसतं.

तर फॅन्सी ड्रेसला बाईसाहेब आजीचं साधं लुगडं नेसून गेल्या. भाडं शून्य. स्टेजवर मधोमध मांडी घातली, "मी काळारामची सत्याग्रही आहे, मी उठणार नाही," आणि गप्प. दोन मिनिटं झाली, बेल झाली, टीचर म्हणाल्या, बेटा नेक्स्ट नंबर. उठेना! शेवटी मला जाऊन उचलून आणावं लागलं.

पहिला नंबर स्पायडरमॅनचा आला.