पेटीवाल्याला एवढे कशाला?

कलावंतांना पैसे फार मिळतात, ही चिंता तुम्हाला हल्ली झोपू देत नाही, हे मला ठाऊक आहे. नट एका सिनेमाचे शंभर कोटी मागतो. क्रिकेटवाला एका लिलावात सात पिढ्यांची सोय करतो. (क्रिकेटवाला कलावंतच. तिकीट काढून बघतो ना आपण?) तुमचा संताप रास्त आहे, फक्त त्याला थोडी शिस्त हवी. म्हणून हे चार शब्द मार्गदर्शनाचे. फुकट आहेत, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाचाल.

सर्वप्रथम, आकडा ऐकल्यावर तोंड उघडण्यापूर्वी तो कुणाचा आहे ते विचारून घ्यावं. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं, तेव्हा तुम्ही योग्य तेच केलंत. चहाचा कप खाली ठेवलात आणि "सत्तावीस कोटी? बॅट फिरवायचे?" म्हणालात. पुढे मोसमातल्या आपल्या पहिल्याच सामन्यात तो सहा चेंडू खेळून शून्यावर परतला, तेव्हा एका चेंडूला किती पडले याचा हिशोबही मांडून झाला तुमचा. शाबास. मात्र ही सवय चुकूनही कंपन्यांच्या वार्षिक अहवालांना लावू नये. इन्फोसिसच्या २०२४-२५ च्या अहवालात मुख्याधिकारी सलील पारेख यांचं वर्षाचं वेतन ८०.६२ कोटी रुपये दिलंय. म्हणजे तीन पंत, यष्टिरक्षणाशिवाय. त्यात अर्ध्याहून जास्त भाग शेअर्सचा आहे, मान्य. कंपनीतल्या बरोब्बर मधल्या माणसाच्या पगाराच्या ते ७५२ पट भरतं. हे गणित मी केलेलं नाही, कायद्यानं कंपनीला ते छापावंच लागतं. पण अहवाल जाडजूड असतो आणि त्यात चीअरलीडर्स नसतात, त्यामुळे तुम्ही तिथपर्यंत पोचत नाही. उत्तम. हिंजवडीत आज नव्यानं लागलेला तुमचा भाचा, दहा-बारा वर्षांपूर्वी लागलेल्या त्याच्या मावसभावाएवढ्याच साडेतीन लाखांच्या आसपास सुरुवात करतो. त्याला "मार्केट डाऊन आहे रे" एवढं सांगून गप्प करावं.

आठवड्याला ९० तास काम करा, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असं एल अँड टीच्या अध्यक्षांनी विचारल्याचा व्हिडिओ जानेवारी २०२५ मध्ये घराघरांत पोचला होता. अख्ख्या देशाची आठवडाभर करमणूक झाली. २०२३-२४ मध्ये त्यांना मिळालेले ५१ कोटी त्या मानानं स्वस्तच म्हणायचे.

पुढचा मुद्दा घासाघिशीचा. घासाघीस नेहमी खालच्या बाजूला करावी. हे मी यंदा आमच्याच सोसायटीत शिकले.

आमच्याकडे दिवाळी पहाट असते. दोन गायक, पेटी, तबला, की-बोर्ड, निवेदिका, शिवाय साउंडवाला, असे सगळे मिळून पंचावन्न हजार. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी आकडा सांगितला तसे सी विंगमधले साहेब खुर्चीत पुढे सरकले. साहेब मोठ्या कंपनीतून प्रेसिडेंट म्हणून निवृत्त झालेत. नक्की कशाचे प्रेसिडेंट होते ते इतकी वर्षं शेजारी राहूनही कुणाला कळलेलं नाही, पण बोलण्याआधी दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक लावून धरतात. तशी धरली आणि म्हणाले, "मॅडम, गाणाऱ्यांचं मी समजू शकतो. पेटीवाल्याला एवढे कशाला? तो नुसता साथीला असतो."

एवढे म्हणजे सहा हजार.

मग अर्धा तास 'कॉस्ट ऑप्टिमायझेशन' चाललं. पेटी आणि की-बोर्ड दोन्ही कशाला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तर दोन्हीकडे त्याच आहेत. तबल्याऐवजी ट्रॅक लावता येईल का? गायिका आपल्याच भागातली आहे, मग जाण्यायेण्याचे वजा करा. दोन तासांचा कार्यक्रम पावणेदोन तासांचा केला तर त्या प्रमाणात किती कमी होतात बघा. "आणि त्यांना सांगा मॅडम, आपल्याकडे दीडशे फ्लॅट आहेत. त्यांची पब्लिसिटी होईल." पहाटे साडेपाचला, अभ्यंगस्नान करून आलेली साठ माणसं, त्यातली तीस फराळाच्या टेबलाकडे तोंड करून बसलेली. पब्लिसिटी!

गेल्या वर्षी याच हॉलमध्ये याच साहेबांनी आपले एक जुने सहकारी 'ताणमुक्त जीवन' या विषयावर बोलायला आणले होते. पाऊण तास, चाळीस हजार. पडद्यावर सूर्योदयाचं चित्र होतं, मग दोन हात जोडलेले होते, मग पुन्हा सूर्योदय. कुणी म्हणालं नाही की सूर्योदय दोनदा आला, एकाचे कापा. शाल झाली, श्रीफळ झालं, साहेब स्वतः गाडीपर्यंत सोडायला गेले. मी हे मीटिंगमध्ये काढलं तर शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते एक्स्पर्टाइज आहे."

बरं, एक्स्पर्टाइज. तर तो पेटीवाला भल्या पहाटेच्या लोकलनं बदलापूरहून ठाण्याला आला. पेटी मांडीवर घेऊन, कारण वर फळीवर ठेवली की धक्क्यानं सूर हलतात. पावणेपाचला आमच्या क्लब हाउसात हजर. साउंडवाला लेव्हल घेत होता तोवर गार पडलेली बोटं काखेत दाबून कोपऱ्यात बसून होता. त्यात गायिकेचा आवाज त्या वेळी लागेना. तिनं हळूच वाकून सांगितलं, पट्टी उतरवू या, काळी चार नको, पांढरी पाच धरू या. तबलजीनं हातोडी काढली, आणि यानं फक्त मान डोलावली आणि दोन तासांची सगळीच्या सगळी गाणी जागच्या जागी अर्ध्या सुरानं खाली नेली. समोर कुणाला पत्ता लागला नाही. पत्ता लागू न देणं हेच तर त्याचं काम! 'नुसतं साथीला असणं' म्हणतात ते हे. कुठल्या मॅनेजमेंट कॉलेजात शिकवतात सांगा, मी तिथल्या फीचे हप्ते भरते.

साहेब पहिल्या रांगेत होते. तिसऱ्या गाण्यानंतर त्यांची फर्माईशीची चिठ्ठी आली. चौथ्यानंतर दुसरी.

शेवटी पाकिटं द्यायला मी गेले. पेटीवाल्याचं पाकीट कमिटीच्या निर्णयानुसार पाच हजारांचं झालं होतं. त्यानं ते उघडून बघितलं नाही. झब्ब्याच्या खिशात सरकवलं, "ताई, पुढच्या वर्षी जरा आधी कळवा, म्हणजे त्या दिवशी दुसरी सुपारी घेत नाही," म्हणाला आणि डोंबिवलीला पुढचा कार्यक्रम होता म्हणून फराळाला न थांबता पेटी उचलून गेला. सोसायटीचे एक हजार रुपये वाचले. त्यातून आर्थिक मार्गदर्शनाबद्दल साहेबांचा बुके देऊन सत्कार झाला. बुके साडेनऊशेचा.

कितवा मुद्दा होता? असो.

कलावंत शक्यतो गरिबीत मरेल हे बघावं. श्रीमंत मेला तर श्रद्धांजलीचे लेख रंगत नाहीत. विठाबाई नारायणगावकर फडावर नाचता नाचता कळा आल्या म्हणून मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हा किस्सा आपण अंगावर काटा आणून किती वर्षं सांगतोय! राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या या बाईला अखेरच्या दिवसांत दवाखान्याच्या बिलासाठी लोकांपुढे हात पसरावे लागले, तो भाग आपण जरा घाईत सांगतो. मेल्यावर त्यांच्या नावाचा पुरस्कार मात्र सरकारनं काढला. भगवानदादांचंही तेच. गिरणी कामगाराचा मुलगा. 'अलबेला' १९५१ मध्ये तुफान चालला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात गाड्या, वाराला एक. पुढचे सिनेमे पडले, बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि २००२ मध्ये दादरच्या चाळीत माणूस गेला. लावले ते स्वतःचे पैसे होते, बुडाले तेही स्वतःचेच. "पैसा टिकवता आला नाही हो त्यांना," असं आपण वर म्हणतो.

टिकवावा कसा, तर बोइंगसारखा. त्यांची दोन ७३७ मॅक्स विमानं पाच महिन्यांच्या अंतरानं पडली, ३४६ माणसं गेली. मुख्याधिकारी डेनिस म्युलनबर्ग यांना डिसेंबर २०१९ मध्ये खुर्ची सोडावी लागली. सोडताना शेअर्स आणि निवृत्तीचे लाभ मिळून सुमारे ६ कोटी २० लाख डॉलर त्यांच्या वाट्याला आले. आता बसा भगवानदादांना व्यवहारज्ञान शिकवत.

पानमसालावाल्यांच्या वेलचीच्या जाहिरातीबद्दल नटाला शिव्या घालाव्यात, जरूर घालाव्यात. अक्षयकुमारनं एप्रिल २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली, मानधन चांगल्या कामाला देतो म्हणाला, तरी घालाव्यात. फक्त ती पुडी बनवणारी कंपनी चालवतो कोण, त्याला वर्षाला काय मिळतं आणि त्यानं कधी कुणाची माफी मागितली का, हे विचारू नये. त्याचा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याचा राग करायचा कसा?

आता तुम्ही म्हणणार, म्हणजे बाई, तुम्ही शंभर कोटीवाल्या नटांची वकिली करताय. नाही हो. एका नावावर सिनेमाचं निम्मं बजेट उधळायचं आणि मालिकेत बारा-बारा तासांची शिफ्ट करणाऱ्या पोरीला ९० दिवसांनी चेक द्यायचा, हा धंदा मलाही किळसवाणा वाटतो. त्या नटानं शंभरातले थोडे लाइटमनला दिले तर त्याचं काही बिघडणार नाही. पण निदान त्याचा निकाल लागतो. शुक्रवारी तुम्ही तिकीट काढलंत, आवडला नाही, सोमवारी थिएटर रिकामं. चार दिवसांत माणसाची लायकी भर चौकात टांगली जाते. तुम्ही खिशात हात घालून, स्वखुशीनं त्याला श्रीमंत केलेलं असतं आणि उद्यापासून नाही करायचं ठरवलंत तर तो नाही होत.

साहेबाचं तिकीट तुम्ही कधी काढलंत? काढलंय, रोज काढताय. साबणाच्या वडीत, फोनच्या रिचार्जमध्ये, विम्याच्या हप्त्यात. तुमच्या म्युच्युअल फंडाचे पैसे ज्या कंपन्यांत आहेत तिथेही. वर तुमच्याकडे थोडे शेअर्स असले तर वर्षातून एकदा मेल येतो, कंपनीच्या ठरावांवर, कधी संचालकांच्या वेतनावरही, मत नोंदवा म्हणून. दोन क्लिकचं काम असतं. काय करता त्या मेलचं? डिलीट करता. आणि मग पेटीवाल्याला विचारता, सहा हजार कशाचे?

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पीएमसी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला स्वतःच्याच खात्यातून एक हजार रुपये काढता येत होते. एक हजार! मुंबईभर शाखांच्या बाहेर म्हातारी माणसं पासबुकं धरून रडत होती. त्या बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांचं नाव सांगा बघू. नाही ना आठवत? त्या वर्षी कुठल्या नटानं किती कोटींचा फ्लॅट घेतला ते मात्र मजल्यासकट सांगाल.

लाज वाटू द्या थोडी. तुम्हाला कलावंतांच्या श्रीमंतीचा त्रास होत नाही, तुम्हाला त्रास होतो तो तुमच्यासारखाच दिसणारा, लोकलनं येणारा माणूस दोन पैसे मागतो याचा. मोठ्या नटाचा उजेड तुम्हाला लांबून चालतो, त्याच्यासोबत सेल्फी काढायला तुम्ही मॉलमध्ये तीन तास उभे राहता. साहेबाला तर तुम्ही घाबरताच, निवृत्त झाला तरी घाबरता. उरतो तबलजी, उरते निवेदिका, उरतो मेकअपवाला. त्यांच्या पाकिटातले पाचशे-हजार कापले की तुम्हाला हिशोबी झाल्यासारखं वाटतं. हिशोबीपणा नाही हो हा, निव्वळ हलकटपणा आहे. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नच्या बादलीला चारशे मोजताना हूं की चूं करत नाही. आणि पंधरा माणसं समोर जिवंत उभी राहून अडीच तास घाम गाळतात, त्या नाटकाचं पाचशेचं तिकीट बघून "मागे बाल्कनीत तीनशेला आहे का?" विचारता. तेही जे तिकीट काढतात ते. बाकीचे ओळख काढतात.

म्हणून आधीच सांगून ठेवते. माझी बहीण नाटकात काम करते हे आता सोसायटीभर झालेलं आहे. पासासाठी मला फोन करायचा नाही. गडकरी रंगायतनची तिकीट खिडकी सकाळी उघडते.