इन्सुलिनची ३ कार्ट्रिज का दिली, त्याचा हिशोब

नमस्कार दादा, आमच्या मेडिकलबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. आईंचा डोस सकाळी १२ आणि रात्री ८ युनिट, म्हणजे रोजचे २०, महिन्याचे ६००, एका कार्ट्रिजमध्ये (इन्सुलिन पेनमध्ये बसवायची औषधाची नळी) ३०० असतात मग २ पुरे होती, तरी मेडिकलवाल्याने ३ गळ्यात मारली आणि एक परतही घेत नाही, असं तुम्ही लिहिलंय. डोस तुम्हीच इथे टाकलाय म्हणून सगळ्यांसमोर हिशोब सांगतो, नाहीतर पेशंटची माहिती मी अशी बोललो नसतो.

तुमचा गुणाकार बरोबर आहे पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही. पेनने प्रत्येक वेळी टोचायच्या आधी २ युनिट हवेत सोडून बघायचे असतात, सुईच्या टोकाला थेंब दिसला की मगच डोस लावायचा. दिवसाला दोनदा म्हणजे ४ युनिट तिथेच गेले, त्यामुळे रोजचा खर्च २० नाही तर २४, आणि ३० दिवसांचे ७२०. २ कार्ट्रिज फार तर २५ दिवस जातात, त्यातही शेवटी १०-१२ युनिट उरले की सकाळचा पूर्ण डोस त्यात बसत नाही. पुढचे ५ दिवस आईंनी काय करायचं होतं? आणि कृपा करून ते २ युनिट वाचवायला जाऊ नका, आत हवा राहिली तर डायलवर १२ दिसतात पण अंगात कमी जातात, मग शुगर वाढते आणि डॉक्टरांना वाटतं डोसच कमी पडतोय म्हणून ते अजून वाढवतात. हे मी काउंटरवर बघत आलोय, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

तिसरं कार्ट्रिज वाया नाही जाणार. सील न फोडता फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा (फ्रीझरमध्ये अजिबात नको, गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं), २६व्या दिवशी लावा, ते तिथून १२ दिवसांच्या आसपास, म्हणजे पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी संपेल, लावल्यापासून २८ दिवस चालतं म्हणजे मुदतीतच. पुढच्या महिन्यात मग दोनच घ्यावी लागतील.

परत न घेण्याचं म्हणाल तर इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं औषध आहे, दुकानाबाहेर गेलं की ते गाडीच्या डिक्कीत होतं की फ्रिजमध्ये हे मला कळायला मार्गच नाही, आणि तेच उद्या दुसऱ्या कुणाच्या आईला द्यायची माझी तयारी नाही, मग एक स्टार मिळाला तरी चालेल.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की पेन अडकलं तर घरातल्या लाल टोपीच्या सिरिंजने कार्ट्रिजमधलं औषध काढून देतो. हे आजच्या आज बंद करा दादा. ती सिरिंज ४० च्या (एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट) इन्सुलिनची आहे आणि कार्ट्रिज १०० चं, १२ च्या रेघेपर्यंत भरलंत तर ३० युनिट जातील. पेन घेऊन दुकानात या, का अडकतंय ते बघू.