भूक मेली, म्हणजे सवय लागली?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल एक मजकूर सध्या मोबाइलवर फिरतोय. दावे तीन: इंजेक्शन सुरू झालं की पथ्य-व्यायामाची कटकट संपली, भूक नसेल तर खाऊच नका, वजन आणखी लवकर उतरेल, आणि हवा तो आकडा आला की औषध बंद करा, तोवर कमी खायची सवय लागलेली असते.

पहिला दावा. यातल्याच सेमाग्लुटाइड या भूक मंदावणाऱ्या औषधाचा गाजलेला आकडा २०२१च्या ‘स्टेप १’ चाचणीतला: ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटलं. पण त्या लोकांना रोज ५०० कॅलरी कमी खायला आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायला सांगितलं होतं, दर चार आठवड्यांनी समुपदेशनही होतं. आता दुसरी बाजूही सांगायला हवी. हाच सल्ला मिळूनही ज्यांच्या इंजेक्शनात औषध नव्हतं, त्यांचं वजन सरासरी २.४ टक्केच उतरलं. तेव्हा ‘मनावर घेतलं असतंस तर औषध लागलं नसतं’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनीही जरा दमानं घ्यावं.

दुसरा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. भूक मंदावली की आधी सुटतं ते जेवण. उसळ नको, भाकरी नको, वरण नको. चहा-खारी मात्र चालू राहते. पोटात प्रथिनं जात नाहीत आणि उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. ‘स्टेप १’मध्ये ज्यांच्या शरीराची घडण मोजली, त्यांच्या घटलेल्या वजनातला एक तृतीयांशाहून जास्त भाग चरबीचा नव्हताच. आपल्या भारतीयांना हे जास्त महागात पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. मुळातच स्नायू बेताचे असलेल्या माणसानं तेही घालवले, तर काट्यावरचा आकडा पाहून खूश होण्यात काय अर्थ?

म्हणून भूक नसली तरी जेवणाची वेळ पाळायची. ताटात थोडंच घ्यायचं, पण सुरुवात उसळ, दही, अंडं, पनीर किंवा मासळीनं, भात नंतर. तळकट खाल्लं तर मळमळ वाढते. बद्धकोष्ठतेची तक्रारही नेहमीची, त्यामुळे पाणी आणि भाज्या हव्यातच. चालणं चांगलंच, पण स्नायूंसाठी आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं किंवा खुर्चीवरून उठ-बस असा ताकदीचा व्यायाम लागतो.

तिसऱ्या दाव्याला ‘स्टेप १’च्याच पुढच्या वर्षानं उत्तर दिलंय. औषध आणि सल्ला दोन्ही थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. कमी खाणं ही सवय नव्हतीच, तो औषधाचा अंमल होता. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत काहींना वर्षभर नुसतं लिराग्लुटाइड हे याच जातीचं औषध दिलं, काहींना त्याच्या जोडीला देखरेखीखाली व्यायामही. सगळं थांबवून वर्ष उलटल्यावर नुसत्या औषधवाल्यांचं वजन जास्त परत आलं होतं. अर्थात व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाचं वजन टिकेलच असंही नाही. काहींना हे औषध रक्तदाबाच्या गोळीसारखं दीर्घकाळ घ्यावं लागेल. बंद करायचं की डोस कमी करायचा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, फिरत्या मजकुरावरून नको.